थोरलीची सही

दोघी सख्ख्या बहिणी, आणि दोघीही एकाच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला. वडिलांनी लहानपणी थोरली आणि धाकटी अशा हाका मारल्या, त्याच जन्मभर चिकटल्या. खरी नावं हजेरीपुस्तकात होती. पण सुपरवायझरसुद्धा ‘थोरली, रोलर बंद कर’ असंच ओरडायचा.

थोरली इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर असायची. ओली चादर एका बाजूने घालायची, दुसऱ्या बाजूने ती कडक आणि गरम होऊन बाहेर यायची. आठ तास उभं राहून पायांच्या शिरा दोरखंडासारख्या झालेल्या. धाकटीचं काम बसून. शिवणाच्या टेबलावर फाटके गाऊन सांधायचे, तुटक्या नाड्या लावायच्या, उसवलेले अभ्रे शिवायचे. दोघींच्या मध्ये वीस पावलं आणि एक काचेची भिंत. मान वर केली की थोरलीला धाकटी दिसायची, आणि हेच थोरलीचं दुखणं होतं.

थोरली मनाने वाईट नव्हती. कुणाच्याही अडीअडचणीला धावणारी, ड्रायरवर काम करणाऱ्या पोरीचं बोट भाजलं तेव्हा पंधरा दिवस तिचं काम अंगावर घेणारी. पण धाकटीचं नाव निघालं की तिच्या पोटात दुखायचं. धाकटीचे केस दाट. धाकटीचा नवरा शाळेत कारकून, संध्याकाळी सहाला घरात. थोरलीचा नवरा लांब पल्ल्याची लॉरी चालवणारा, पंधरवड्यात दोन दिवस दिसला तर दिसला. हे सगळं थोरलीने गिळलं होतं. पोरांचं मात्र तिला गिळता आलं नाही.

दोघींना एकाच वेळी दिवस गेले होते. डॉक्टरांनी धाकटीला आधीची तारीख दिली होती, थोरलीला तीन आठवडे नंतरची. पण थोरली लॉन्ड्रीतल्या साबणाच्या पाण्यावरून घसरून पडली आणि तिचं पोर घाईने बाहेर आलं. दोन दिवसांनी त्याच वॉर्डात, शेजारच्या खाटेवर धाकटीचंही झालं. घाईने आलेलं पोर पुढे वाढून वाढून सहा फूट झालं, म्हणून त्याला सगळे लंबू म्हणायचे. धाकटीचा तो बारक्या. दोघं जुळ्यांसारखे एकत्र वाढले. एकाच ताटात जेवले, एकमेकांचे शर्ट घातले.

त्या देशात वीस वर्षांच्या पोरांना सैन्यात सक्तीने न्यायचा कायदा होता. पण सगळ्यांनाच नेत नसत. वर्षाच्या सुरुवातीला एका मोठ्या पिंपातून साठ चिठ्ठ्या काढायचे. प्रत्येक चिठ्ठीवर एक तारीख. त्या तारखेला जन्मलेल्या पोरांनी दोन वर्षं सैन्यात काढायची, बाकीचे मोकळे.

लॉन्ड्रीच्या चहाच्या खोलीत भिंतीवर टीव्ही होता. दुपारच्या सुट्टीत सोडत लागली. दोघी बहिणी एकाच बाकावर बसून बघत होत्या. नववी चिठ्ठी लंबूची निघाली.

थोरलीने कप खाली ठेवला आणि उरलेल्या एक्कावन्न चिठ्ठ्या डोळ्याची पापणी न हलवता बघितल्या. दोन दिवसांनंतरची तारीख निघते का, एवढंच ती बघत होती. निघाली नाही. साठावी चिठ्ठी वाचून झाली तेव्हा शेजारी धाकटीने सोडलेला श्वास तिच्या कानावर आला. तो श्वास थोरली पुढे कधी विसरली नाही. धाकटीने लगेच तिला मिठी मारली, ती रडली, ‘ताई, ताई’ म्हणत राहिली. ते रडणं खोटं नव्हतं. पण श्वास आधी सुटला होता आणि रडू नंतर आलं होतं.

लंबू गेला. त्याचे बूट दाराशी तसेच राहिले, झाडताना थोरली ते उचलून परत तिथेच ठेवायची. दर रविवारी दहा मिनिटं त्याचा फोन यायचा.

“कसा आहेस रे?”

“मस्त. जेवण बरं आहे. थंडी आहे जरा.”

“मित्र झाले का?”

“झाले की. आई, तू रडतेस का?”

“नाही रे, सर्दी झालीय.”

मग तो तिला समजवायचा. दिवस कसे भरभर जातात ते सांगायचा. फोन ठेवल्यावर थोरली दिवसभर तेच चार शब्द उलटेपालटे करून चघळायची. जेवण बरं आहे, थंडी आहे जरा.

इकडे बारक्या रोज संध्याकाळी आईला न्यायला लॉन्ड्रीच्या फाटकाशी यायचा. मावशी दिसली की पिशवी घ्यायला पुढे व्हायचा. “दे ना मावशी, जड आहे.” थोरली पिशवी घट्ट धरायची. “हात आहेत मला.” पोराचा काय दोष, हे तिला कळत होतं. तरी त्याचे ते रुंद खांदे, ती निवांत चाल, फाटकाला रेलून शीळ घालणं तिच्या डोळ्यांत कुसळासारखं सलायचं. हा इथे शीळ घालतो आणि माझा तिथे कुणाच्या शिट्टीवर उठतो, बसतो. फक्त दोन दिवस. मी त्या ओल्या फरशीवर घसरले नसते तर आज फाटकाशी माझा उभा असता.

लंबूला जाऊन आठ महिने झाले आणि देशात वाद पेटला. सक्ती रद्द करून ज्याला जायचंय त्यालाच सैन्यात घ्यावं, असं विधेयक येणार होतं. आत असलेल्या पोरांची मुदत कमी करायची की नाही, ते अजून ठरायचं होतं. जागोजागी सह्या गोळा व्हायला लागल्या. लॉन्ड्रीत हा उद्योग कुणी अंगावर घ्यावा? धाकटीने.

चहाच्या खोलीत तिने कागद टेबलावर ठेवले आणि वादाला तोंड फुटलं.

बॉयलरवाला म्हातारा पहिल्यांदा गरजला. “मी दोन वर्षं काढली, मेलो का? उलट माणसात आलो. आणि आपणहून कोण जाणार गं? ज्याच्या घरात चूल पेटत नाही तो. मग पैसेवाल्यांची पोरं घरी लोळणार, गरिबाची पोरं मरायला जाणार, आणि वर म्हणायचं, त्यांनीच तर निवडलं! आत्ता निदान पिंप सगळ्यांना सारखं आहे.”

“कुठलं सारखं?” ड्रायरवाली पोरगी म्हणाली. “मोठ्यांची पोरं निघाली की त्यांना अचानक दमा होतो. याच हॉस्पिटलात सर्टिफिकेटं मिळतात, तुम्हाला माहीत नाही का काका?”

“मग ती सर्टिफिकेटं बंद करा. कायदा कशाला बंद करता?”

धाकटी शांतपणे म्हणाली, “काका, मनाने गेलेला माणूस टिकतो. ढकललेल्याच्या हातात बंदूक असते, पण जीव घरी असतो. असं पोर स्वतःलाही सांभाळू शकत नाही आणि शेजारच्यालाही.”

थोरली इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “ढकललेल्या पोराचा जीव कुठे असतो, हे तुला काय ठाऊक?”

धाकटीने पहिलं पान तिच्यापुढे सरकवलं. “ताई, तू सही कर. तुझी पहिली हवी. मी तुझ्यासाठी जागा सोडलीय बघ.”

“माझा गेला तेव्हा कुठे होता हा कागद? आता माझ्या पोराची दोन वर्षं मातीत जाणार आणि बाकीच्यांची पोरं मोकळी सुटणार, त्यावर मी सही करू? जायची तर सगळ्यांची जाऊ देत.”

“अगं, पण लंबूची मुदतसुद्धा कदाचित...”

“त्याचं नाव घेऊ नकोस. घरात पोरगं ठेवून दुसऱ्याच्या पोराचा कळवळा करायला काय जातंय?”

हे बोलणं धाकटीला जिव्हारी लागलं. तिने कागद गोळा केले आणि पाकिटात घातले. पुढच्या तीन आठवड्यांत तिने वॉर्डा-वॉर्डात, स्वयंपाकघरात, आसपासच्या गल्ल्यांमध्ये फिरून चारशे बारा सह्या जमवल्या. पहिल्या पानावरची पहिली ओळ कोरी होती.

एका शुक्रवारी बारक्याला छापखान्यात नोकरी लागल्याचं पत्र आलं. धाकटीने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. जाताना तिचे पाय जमिनीवर नव्हते. काचेच्या दारातून तिने एप्रन थोरलीच्या हातात दिला.

“ताई, धुवायला टाकशील? संध्याकाळी या जेवायला, हं. भाऊजी आले असतील तर त्यांनाही आण.” आणि ती गेली.

लॉन्ड्रीचा नियम असा, की कुठलाही कपडा मशीनमध्ये टाकायच्या आधी खिसे तपासायचे. थोरलीने खिशात हात घातला. सह्यांचं जाडजूड पाकीट लागलं. धाकटी आनंदाच्या भरात विसरली होती. पाकीट काढून कपाटात ठेवलं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यात कागदांच्या मधे घडी केलेला एक वेगळा कागद होता, रेघांचा, वहीतून फाडलेला. त्यावरचं तिरकं अक्षर थोरलीने शंभर वह्यांवर पाहिलं होतं. ते लंबूचं अक्षर होतं.

पत्र धाकटीला होतं. थोरलीने ते चादरींच्या ढिगाआड उभं राहून वाचलं.

‘मावशी, आमच्या रांगेतल्या एकाने स्वतःच्या पायावर गोळी मारून घेतली. सगळे म्हणतात चुकून लागली. मला माहीत आहे, चुकून नाही. गाडी येईपर्यंत मीच त्याचा पाय बांधून धरला होता. तो ओरडत होता आणि मी काय विचार करत होतो सांगू? हा आता घरी जाणार. मला त्याचा हेवा वाटला, मावशी. त्या फुटलेल्या पायाचा हेवा. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. तू सह्या गोळा करतेस हे वाचून बरं वाटलं. मागच्या पत्रातलं आणि हे, आईला सांगू नकोस.’

मागच्या पत्रातलं. म्हणजे आधीही पत्रं होती. थोरलीने हे पत्र दोनदा वाचलं. खरं तर पोराच्या काळजीने तिचं काळीज फाटायला हवं होतं. तेही झालं, पण नंतर. आधी जे उसळलं ते दुसरंच होतं. मला ‘जेवण बरं आहे’, आणि हिला हे? पोर माझं, आणि त्याचं मन हिच्याकडे? हिचा स्वतःचा मुलगा घरात आहे, नोकरी लागली आहे, आणि माझ्या मुलातलं जे उरलं होतं तेही हिच्याच खिशात!

तिने लंबूचं पत्र पोलक्यात सरकवलं. सह्यांचं पाकीट परत एप्रनच्या खिशात घातलं, आणि एप्रन ऑपरेशनच्या गाऊनच्या ढिगाबरोबर मशीनमध्ये टाकला. दार बंद केलं, चाक फिरवलं. गोल काचेतून ती बघत उभी राहिली. पाणी चढलं, फेस आला, आणि थोड्या वेळाने हिरव्या कापडावर पांढरे कण दिसायला लागले. त्या क्षणी तिला बरं वाटलं. अगदी खरं सांगायचं तर, आठ महिन्यांत पहिल्यांदाच बरं वाटलं.

संध्याकाळी ती जेवायला गेली नाही.

सोमवारी बोभाटा झाला. ऐंशी गाऊनना कागदाचा लगदा चिकटला होता, एकेक कण हाताने वेचून सगळे पुन्हा धुवावे लागले. सुपरवायझर धाकटीवर कडाडला. खिसा रिकामा न करता एप्रन दिलाच कसा? धाकटीने मान खाली घातली. “माझीच चूक झाली,” म्हणाली. थोरलीने खिसा तपासायला हवा होता, हे तिच्या मनातसुद्धा आलं नसावं. आलं असलं तरी ती बोलली नाही. शिक्षा म्हणून तिला महिनाभर मळक्या बाजूला धाडलं. तिथे वॉर्डांतून आलेल्या पिशव्या उघडायच्या, रक्ताचे, ओकारीचे, नको त्याचे कपडे वेगळे करायचे. दोन हातमोजे घातले तरी वास अंगातून जात नाही.

पहिल्या दिवशी काचेपलीकडची रिकामी खुर्ची बघून थोरलीला समाधान वाटलं. बसून काम करणारीला कळू दे जरा. दुसऱ्या दिवशी ते समाधान पातळ झालं. तिसऱ्या दिवशी पोलक्यातलं पत्र तिला टोचायला लागलं. ते तिने घरी ठेवलं नव्हतं. ते कुठे ठेवावं तेच तिला सुचत नव्हतं. आणि त्या पत्रातला एक शब्द राहून राहून वर यायचा. हेवा. तिने आयुष्यात तो शब्द कधी स्वतःसाठी वापरला नव्हता. ती म्हणायची ‘नशीब’, ‘अन्याय’, ‘ज्याचं त्याचं’. पोराने मात्र फुटलेल्या पायाशी बसून सरळ लिहून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी दुपारी ती मळक्या बाजूला गेली. धाकटी पिशव्यांच्या ढिगाशी एकटीच होती. मास्क गळ्यात लोंबत होता, डोळे सुजलेले.

“सह्यांचं एवढं काय घेऊन बसलीस?” थोरलीच्या तोंडून कसंबसं निघालं. “पुन्हा होतील.”

“सह्या होतील गं,” धाकटी म्हणाली. “त्यात लंबूचं पत्र होतं. तुला दाखवावं की नाही, रोज ठरवत होते. त्याने नको म्हटलं होतं. पण तू त्याची आई. आता दाखवायलाही काही उरलं नाही.” आणि ती हातमोज्यांच्या मनगटाने डोळे पुसायला लागली.

थोरलीने पोलक्यातून कागद काढला आणि पुढे धरला.

धाकटीने आधी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. समजायला तिला थोडा वेळ लागला. मग ती इतक्या हळू आवाजात बोलली, की पिशव्यांच्या गाड्यांच्या खडखडाटात थोरलीला पुढे वाकावं लागलं.

“म्हणजे हे वाचल्यावरसुद्धा तू ते धुतलंस?”

धाकटीने शिवी दिली असती, केस ओढले असते, तर बरं झालं असतं. ती नुसती वळली आणि पुढची पिशवी उघडायला लागली.

थोरली तिथून थेट सुपरवायझरकडे गेली आणि सांगून मोकळी झाली. तो आधी हसला, त्याला वाटलं बहिणीला वाचवते आहे. मग चिडला. धाकटी परत शिवणाला गेली आणि थोरली मळक्या बाजूला आली, महिन्याऐवजी तीन महिने. बातमी जिन्यापासून बॉयलरपर्यंत पोचायला तास लागला नाही. ड्रायरवाली पोरगी, जिचं बोट भाजल्यावर थोरलीने तिचं काम सांभाळलं होतं, तीसुद्धा चहाच्या बाकावर सरकून जागा देईना.

सह्या पोचवायची मुदत अकरा दिवसांवर आली होती. थोरलीने कोरे कागद आणले आणि कामावरून सुटल्यावर दारोदार फिरायला लागली. अंगाला वास, पायांत गोळे. काहींनी दार लावून घेतलं. काहींनी विचारलं, “एकदा केली होती की सही, तिचं काय झालं?” ती सांगायची, “मी नासवली.” बहाणा केला नाही. एका बाईने तोंडावर सुनावलं, “तुझ्या पोराची मुदत कमी व्हावी म्हणून हे सोंग.” थोरली म्हणाली, “तसंही असेल. करणार का सही?” बाईने केली.

बॉयलरवाल्याने मात्र मान हलवली. “माझं मत बदललेलं नाही. पण तू तर माझ्या बाजूची होतीस ना गं?”

“नाही काका. तुमचं ते मत होतं. माझं नुसतं पोट दुखत होतं.”

तीनशे सह्या झाल्या. चारशे बारा काही पुन्हा झाल्या नाहीत. शेवटच्या दिवशी तिने कागद धाकटीच्या शिवणटेबलावर नेऊन ठेवले. धाकटीने पानं मोजली, पहिलं पान उलटं फिरवून थोरलीसमोर सरकवलं आणि कापडावर खुणा करायची पेन्सिल पुढे केली. मग लक्षात येऊन पेन दिलं. त्या अकरा दिवसांत तिने बहिणीसाठी केलेली ती पहिली गोष्ट.

थोरलीने सही केली. करतानासुद्धा मनात आलंच, की आता बाकीच्यांची पोरं सुटतील. तो विचार काही गेला नाही. तो असतानाच तिने नाव पूर्ण लिहिलं.

विधेयक थोडक्या मतांनी मंजूर झालं. पिंप बंद. पण आत असलेल्यांची मुदत कमी झाली नाही. लंबूने दोन वर्षं पुरी काढली, एक दिवसही कमी नाही. त्या काळात थोरली फोनवर रडायची बंद झाली. एका रविवारी तिने स्वतःच म्हटलं, “मावशीला लिहितोस ते लिहीत जा. मला माहीत आहे. मला नाही सांगितलंस तरी चालेल.” तो म्हणाला, “आई, तुला सांगितलं की तू रडतेस, आणि मग मलाच तुला सांभाळावं लागतं. मावशी नुसती ऐकते.” हे ऐकून थोरलीला जे झोंबलं ते तिने गिळलं. “बरं,” म्हणाली, “जेवलास का?”

लंबू परत आला तेव्हा बारीक झाला होता, आणि कुणी दार जोरात लावलं की दचकायचा. दोन दिवस तो झोपूनच होता. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटी आली. बारक्याही आला होता, पण लंबूशी काय बोलावं ते त्याला कळेना, म्हणून जरा वेळ बसून निघून गेला. पुढच्या खोलीत मावशी-भाचे राहिले. थोरली चहा घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. आत लंबूचा आवाज अगदी खालच्या पट्टीत चालला होता. ती कप घेऊन तशीच थांबली. एक वाक्य ऐकलं असतं तर कुणाला कळणार होतं?

ती मागे फिरली. स्वयंपाकघरात जाऊन तिने नळ पूर्ण सोडला, आणि घासलेली भांडी काढून एकेक करून पुन्हा घासायला घेतली.